पाऊस आला, गाडी अडली!



पाऊस म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर कांदाभजी, आल्याचा चहा आणि हिरवागार घाट येतो. माझ्या डोळ्यांसमोर मात्र हल्ली गाडीच्या प्लगची वायर येते! त्याला कारणही तसंच आहे. आधी ते सांगतो, मग शास्त्राकडे वळू.

मी शिकलो मेकॅनिकल आणि पोट भरतो कोडिंगवर. आपल्यातल्या बऱ्याच जणांची हीच कथा. पण कॉलेजात शिकलेलं इंजिन डोक्यातून जात नाही. म्हणून काही वर्षांपूर्वी इथे योकोहामात मी एक जुनी युनोस रोडस्टर घेतली. माझदाची ही दोन सीटची, छप्पर उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार १९८९ साली आली. १६०० सीसीचं इंजिन, वजनाला हलकी, चालवायला मजा. जगभर लोकांनी तिला डोक्यावर घेतलं आणि एप्रिल २०१६ मध्ये या मालिकेतली दहा लाखावी गाडी तयार झाली. माझी गाडी नव्वदच्या दशकातली, म्हणजे तिशी ओलांडलेली. मालकापेक्षा थोडीशीच लहान!

गेल्या वर्षी बाबा सांगलीहून आले होते. त्यांना समुद्र दाखवावा म्हणून जूनमधल्या एका रविवारी आम्ही दोघं कामाकुराला गेलो. परत येताना पाऊस लागला. तो आपल्यासारखा धो धो नव्हता. इथल्या 'त्सुयु'चा, म्हणजे जून-जुलैच्या पावसाळ्याचा, चिवट, बारीक, न थांबणारा पाऊस. एका चढावर गाडी झटके खायला लागली.

"मिसिंग मारतेय रे," बाबा म्हणाले.

"थोडी ओली झाली असेल बाबा. होईल ठीक," मी म्हटलं. रिलीजच्या आदल्या दिवशी बग दिसला की आपण जे म्हणतो, तेच!

पुढे रेल्वेचं फाटक आलं. जपानात फाटक उघडं असलं तरी रुळांआधी थांबावंच लागतं. थांबलो, दोन्हीकडे पाहिलं, पहिला गिअर टाकून निघालो... आणि नेमकं रुळांवर गाडीने मान टाकायला सुरुवात केली. एक झटका, दुसरा झटका. अर्ध्या क्लचवर कशीबशी पलीकडे काढली आणि वीस-पंचवीस मीटरवर ती बंद पडली. मागे घंटा वाजायला लागली, दांडे खाली आले आणि गाडी धडधडत निघून गेली. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

पाऊस जरा ओसरल्यावर बाबांनी बॉनेट उघडायला लावलं. इंजिन बंद आहे ना, हे दोनदा विचारून घेतलं. खिशातला रुमाल काढून त्यांनी प्लगच्या वायरी एकेक करून पुसल्या, रबरी टोप्यांमध्ये फुंकर मारली, परत बसवल्या. तीस वर्षं स्कूटर चालवलेला माणूस! आडवी करायची, प्लग पान्याने प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, किक मारायची, हा आमच्या घरचा दर पावसाळ्यातला कार्यक्रम होता. रोडस्टर सुरू झाली.

"हे घरी पोचेपर्यंतच हं," बाबा म्हणाले. "आणि पावसाला नावं ठेवू नकोस. वायर बघ तुझ्या."

बाबांचं बरोबर होतं. दोष गाडीचा नव्हता, पावसाचाही नव्हता. त्या वायरी किती जुन्या आहेत हे मी गाडी घेताना विचारलंसुद्धा नव्हतं. त्यानंतर मी जे वाचलं, उघडून पाहिलं आणि शिकलो, ते इथे सोप्या भाषेत मांडतोय. तुमच्याकडे स्पोर्ट्स कार नसेल, तरी यातलं बरंचसं कुठल्याही पेट्रोल गाडीला लागू आहे.

ठिणगी कशी पडते?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटतं. प्लगच्या टोकाला साधारण एक मिलिमीटरची फट असते. वीज ही फट उडी मारून ओलांडते, तीच ठिणगी.

आता मोकळ्या हवेत एक मिलिमीटर ओलांडायला अंदाजे ३००० व्होल्ट लागतात. पण सिलिंडरमधली हवा दाबलेली असते आणि दाब वाढला की उडी मारणं अवघड होतं. त्यामुळे प्रत्यक्षात याच्या कित्येक पट व्होल्टेज लागतं. गाडीची बॅटरी तर फक्त १२ व्होल्टची! मधलं काम करते इग्निशन कॉइल. तिच्यात दोन गुंडाळ्या असतात, एक कमी वेढ्यांची आणि एक खूप जास्त वेढ्यांची. पहिलीतला प्रवाह झटकन तोडला की दुसरीत २० ते ३० हजार व्होल्टचा ठोका तयार होतो. तो जाड रबरी वायरीतून प्लगपर्यंत जातो.

जुन्या गाड्यांत कॉइल एकच असायची आणि तो ठोका चार सिलिंडरांना आळीपाळीने वाटायचं काम डिस्ट्रिब्यूटर करायचा. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला 'डेल्को' म्हणतात. माझ्या रोडस्टरमध्ये डेल्को नाही. इंजिनाच्या मागच्या बाजूला दोन कॉइल आहेत आणि प्रत्येक कॉइल दोन प्लग सांभाळते. पुढच्या पिढीच्या गाड्यांत तर प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल बसली आणि लांब वायरी गेल्याच. निसानच्या १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आरमध्ये ही व्यवस्था होती. आज बहुतेक सगळ्या गाड्यांत तीच असते.

पाणी नेमकं काय करतं?

वीज आळशी असते. मिळेल ती सर्वांत सोपी वाट धरते. २० हजार व्होल्टला आपण सांगतो, "या एका मिलिमीटरच्या फटीतून जा." ती जाते, कारण बाकी सगळीकडे रबर, प्लास्टिक आणि चिनी माती आडवी असते. यातल्या एखाद्या ठिकाणी दुसरी सोपी वाट मिळाली, की ती सरळ इंजिनाच्या धातूत उतरते. गॅरेजच्या भाषेत 'करंट लीक'. प्लगच्या टोकाला ठिणगी पडत नाही, त्या फेरीतलं पेट्रोल न जळता बाहेर जातं आणि गाडी झटका खाते.

गंमत अशी की शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण गाडीवर उडणारं पाणी शुद्ध कधीच नसतं. त्यात रस्त्यावरची धूळ, तेल, हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ आणि समुद्राकाठचा खार मिसळलेला असतो. वायरींवर आधीच एक मळकट थर बसलेला असतो. कोरडा असतो तोवर तो गुपचूप असतो. ओला झाला की तोच थर विजेचा रस्ता बनतो.

याहून वाईट प्रकार पुढे आहे. वीज प्लास्टिकवरून एकदा गेली की जाताना थोडंसं प्लास्टिक जाळते आणि मागे कोळशाची केसाएवढी बारीक काळी रेघ ठेवते. कोळशातून वीज वाहते. म्हणजे आता पाणी नसलं तरी रस्ता तयार! डेल्कोच्या टोपीत, कॉइलच्या तोंडाशी अशा रेघा सापडतात. म्हणूनच पुसून चालू झालेली गाडी 'दुरुस्त' झालेली नसते. बाबा म्हणाले ते हेच.

आणखी एक. माझी गाडी उभी असताना ठीक चालायची आणि चढावर किंवा थांबून निघताना अडायची. हा योगायोग नव्हता. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा येते, दाब वाढतो आणि ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगची वाट अवघड झाली की वीज वायरीवरच्या ओल्या वाटेकडे वळते. म्हणजे ज्या क्षणी गाडीने जोर लावायला हवा, नेमकी त्याच क्षणी ती दगा देते. फाटकातून निघतानाचा क्षण अगदी तसाच असतो, हे तेव्हा लक्षात आलं आणि अंगावर काटा आला.

तुम्ही प्लगचा पांढरा भाग पाहिला असेल. त्यावर गोल गोल वळ्या असतात. त्या शोभेच्या नाहीत. पृष्ठभाग वळ्यांचा केला की विजेला वरून सरपटत जायला जास्त अंतर पडतं. रेल्वेच्या ओव्हरहेड वायरीच्या खांबांवर चिनी मातीचे जे वळ्यावळ्यांचे इन्सुलेटर दिसतात, त्यांचंही तत्त्व तेच. आणि हे नातं नुसतं तत्त्वाचं नाही बरं का! नागोयामध्ये १९१९ साली निप्पॉन गाइशी ही इन्सुलेटर बनवणारी कंपनी सुरू झाली आणि १९३६ साली तिच्यातूनच स्पार्क प्लगची कंपनी वेगळी झाली. आपल्याकडे दुकानात मिळणारे 'एनजीके' प्लग ते हेच. त्या दिवशी फाटकावर माझ्या डोक्यावरच्या खांबावर आणि माझ्या बॉनेटखाली एकच युक्ती पावसाशी झगडत होती. खांबावरची जिंकली, कारण तिची निगा राखणारं कोणी होतं!

पाणी येतं कुठून?

स्पोर्ट्स कारला हा त्रास जरा जास्त, कारण ती जमिनीलगत असते आणि इंजिनाला भरपूर हवा हवी असते. हवेला जिथून वाट, तिथून पाण्यालाही वाट.

पहिली वाट खालून. चाकं पाण्याचा बारीक फवारा उडवतात. तो इंजिनापर्यंत जाऊ नये म्हणून चाकाच्या कमानीत आणि इंजिनाखाली प्लास्टिकची आवरणं असतात. दुरुस्तीच्या वेळी ती काढली जातात आणि 'नंतर लावू' म्हणून राहून जातात. माझ्या गाडीचं खालचं आवरण आधीच्या कोणा मालकाच्या काळातच गायब झालं होतं.

दुसरी वाट वरून. टोयोटाची १९८४ साली आलेली एमआर-टू ही जपानची पहिली मोठ्या प्रमाणावर बनलेली मिडशिप गाडी, म्हणजे इंजिन सीटच्या मागे. अशा गाड्यांत गरम हवा बाहेर जावी म्हणून इंजिनाच्या झाकणाला फटी ठेवाव्या लागतात. पावसाचं पाणी त्यातून आत येणारच. ते इंजिनावर न पडता बाजूने निघून जावं यासाठी पन्हळी कराव्या लागतात. जुनी मिडशिप घेणाऱ्याने या पन्हळी जागेवर आहेत का आणि पाचोळ्याने तुंबल्या नाहीत ना, हे पाहावं. आपल्या कौलारू घरांसारखंच आहे हे. कौलं कितीही चांगली असोत, पन्हळ तुंबली की पाणी घरात!

तिसरी वाट समोरून. १९५९ च्या ब्रिटिश मिनीचा डेल्को थेट पुढच्या जाळीमागे होता. समोरून पाऊस आला की तो आंघोळच करायचा. जपानमध्ये या मिनीचे भक्त खूप. तिच्या मालकांचा एक जुना उपाय फार गमतीचा आहे. भांडी घासायचा रबरी हातमोजा डेल्कोवर चढवायचा आणि बोटांची टोकं कापून एकेका बोटातून एकेक वायर बाहेर काढायची. ऐकायला विनोद वाटतो, पण काम करतो.

चौथी वाट आपण स्वतः करून देतो. हौसेने इंजिन धुताना प्रेशरचं पाणी मारलं की ते प्लगच्या खोल विहिरींमध्ये साचतं. रोडस्टरसारख्या ट्विन कॅम इंजिनात प्लग दोन कॅमच्या मधोमध, खोल खड्ड्यात असतात. रबरी टोपीची वरची झडप कडक झालेली असेल तर पाणी आत जातं आणि बाहेर यायला मात्र वेळ लागतो. प्लगवर कॉइल असलेल्या नव्या गाड्यांनाही यातून सुटका नाही.

रोग ओळखायचा कसा?

सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायला नको, बग आधी रिप्रोड्यूस करावा लागतो. काही सोप्या खुणा सांगतो.

गाडी फक्त पावसात किंवा दमट सकाळी मिसिंग मारत असेल आणि इंजिन तापल्यावर सुधारत असेल, तर संशय वायरी, टोप्या आणि डेल्कोवर घ्यायचा. कोरड्या दिवशीही तेच होत असेल, तर पेट्रोल, सेन्सर वगैरे दुसरीकडे शोधायचं.

इंजिन थंड असताना वायरी एकेक करून काढून पाहा. ओढताना रबरी टोपी धरायची, वायर नाही. रबर कडक झालंय का, चिरा आहेत का, टोपीच्या आत काळी रेघ आहे का, प्लगच्या पांढऱ्या भागावर उभ्या काळ्या रेषा आहेत का? धातूच्या कडेजवळ तपकिरी वलय दिसलं तर घाबरू नका, ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. विहिरीत पाण्याऐवजी तेल सापडलं तर वरच्या कव्हरचं सील गेलेलं आहे. ते आधी बदला, कारण तेलाने टोप्यांचं रबर खराब होतं.

एक पारंपरिक चाचणी अंधारातली. गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून चालू ठेवायची आणि स्प्रेच्या बाटलीने वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारायचा. गळती असेल तिथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. पण इंजिन चालू असताना कशालाही हात लावायचा नाही. हा झटका गंभीर असू शकतो आणि पेसमेकर असलेल्यांनी तर जवळही थांबू नये. आत्मविश्वास नसेल तर हे काम गॅरेजवाल्याला करू द्या.

मल्टिमीटरने वायरीचा रोध मोजता येतो आणि एखादी वायर बाकीच्यांपेक्षा फारच वेगळी आली तर ती गेली समजा. पण सगळ्या सारख्या आल्या म्हणून निर्धास्त होऊ नका. मल्टिमीटर काही व्होल्टवर तपासतो, वायरीला झेलायचे असतात २० हजार. टेस्टमध्ये पास, प्रॉडक्शनमध्ये नापास, हा अनुभव आपल्याला नवा नाही! तसंच, दर दोन वर्षांनी होणारी 'शाकेन', म्हणजे इथली सक्तीची वाहन तपासणी, पास झाली म्हणून प्लगच्या वायरी चांगल्या आहेत असं होत नाही. माझीही पास झाली होती.

कोरड्या दिवसांत करायची कामं

पावसाळ्याची तयारी आपली आजी मे महिन्यात करायची. इथेही तसंच. त्सुयु सुरू व्हायच्या आधी, म्हणजे मे अखेरपर्यंत, हे उरकून घ्या.

एक, वायरींचा पूर्ण संच बदला. एकच बदलून पैसे वाचत नाहीत. बदलताना एक काढायची, तिच्या जागी नवी लावायची, मग दुसरी. म्हणजे क्रम चुकत नाही. टोपी 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबा.

दोन, प्लग तपासा. वापराने प्लगची फट झिजून वाढते. फट वाढली की जास्त व्होल्टेज लागतं आणि जास्त व्होल्टेज म्हणजे गळतीला जास्त निमंत्रण. नव्या वायरींबरोबर नवे प्लग घालणं शहाणपणाचं. डेल्को असेल तर त्याची टोपी आणि आतला रोटरही.

तीन, रबरी टोपीच्या आतल्या कडेला सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस अगदी पातळ लावा. हे ग्रीस वीज वाहू देत नाही आणि पाण्याला अडवतं. म्हणून ते रबराला लावायचं, धातूच्या टोकाला माखायचं नाही.

चार, पाण्याच्या वाटा मोकळ्या करा. काचेखालची जाळी, झाकणाच्या पन्हळी, निचऱ्याची भोकं यांतून साकुराच्या पाकळ्या आणि गिंकोची पानं काढून टाका. फोटोत छान दिसतात, पन्हळीत नाही. खालची आवरणं नसतील तर बसवून घ्या. जुन्या भंगारातूनही चालतात.

पाच, बॅटरी आणि अर्थिंगची वायर पाहून घ्या. स्टार्टर फिरताना बॅटरीचं व्होल्टेज पडतं. ती आधीच कमजोर असेल तर ठिणगीही कमजोर, मग थोडीशी ओलही पुरते.

आणि समुद्राकाठी गाडी नेत असाल तर परतल्यावर वायरी ओलसर फडक्याने पुसून कोरड्या करा, अर्थात इंजिन थंड झाल्यावर. मीठ थरावर थर चढवत असतं.

सगळं बंद करून टाकायचा मोह

मला आधी वाटलं, एवढं कशाला? सगळं सीलंटने लिंपून टाकू, वर प्लास्टिकची पिशवी बांधू. गॅरेजमधल्या वयस्कर मेकॅनिकने नुसतं हसून मान हलवली. त्याचं म्हणणं असं. बंद डब्यात बाहेरचं पाणी येणार नाही हे खरं, पण आतली दमट हवा जाणार कुठे? रात्री गारवा पडला की तिचंच दव आतल्या बाजूला जमतं. शिवाय डेल्कोमध्ये ठिणग्यांमुळे ओझोन वायू तयार होतो आणि तो रबर-प्लास्टिक खातो. म्हणून त्याला श्वास घ्यायला छोटंसं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. ते बुजवलं तर आजार वाढतो. मिनीचा तो हातमोजाही खालून उघडाच असतो, म्हणून चालतो.

त्या मेकॅनिकचं बोलणं मी माझ्या मराठीत असं लिहून ठेवलंय: पाण्याला जायला वाट द्या, विजेला देऊ नका. सगळा लेख या एका वाक्यात आहे म्हणा ना!

भर पावसात अडलात तर

गाडी झटके द्यायला लागली की ॲक्सिलरेटर हलका करा आणि सुरक्षित जागी थांबा. तशीच रेटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या आधीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो प्रचंड तापतो. खराब तर होतोच, खाली सुकं गवत असेल तर आगही लागू शकते. नव्या गाड्यांत इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागला तर तो हाच इशारा असतो.

इंजिन बंद करून थंड झाल्यावर वायरी कोरड्या कपड्याने पुसा. पाणी हटवणारा स्प्रे वापरणार असाल तर डब्यावरची सूचना वाचा. काही स्प्रे रबराला चालत नाहीत आणि बरेचसे ज्वालाग्राही असतात. डेल्कोत मारून लगेच स्टार्टर फिरवला तर आत साठलेली वाफ भडकू शकते. वाफ उडून जाऊ द्या. हायब्रिड गाडी असेल तर केशरी वायरींना अजिबात हात लावायचा नाही.

हायवेवर थांबावं लागलं तर हॅझर्ड लाइट लावा, मागे त्रिकोण ठेवा (एक्सप्रेसवेवर तो ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे), सगळ्यांना घेऊन गार्डरेलच्या पलीकडे जा आणि मग फोन करा. गाडीत बसून राहू नका. जाफ या वाहनचालकांच्या संघटनेचा मदतीचा नंबर आहे #८१३९.

आणि देव न करो, पण फाटकात अडकलात तर क्रम पक्का लक्षात ठेवा. आधी माणसं बाहेर, रुळांपासून दूर. मग फाटकाजवळचं इमर्जन्सी बटण दाबा. बटण नसेल तर गाडीतली लाल मशाल, म्हणजे 'हात्सुएन्तो', पेटवून येणाऱ्या रेल्वेला इशारा द्या. ती प्रत्येक गाडीत, बहुधा डाव्या सीटच्या पायांजवळ असते. तुमच्या गाडीत ती नक्की कुठे आहे, हे आज घरी गेल्यावर पाहा. मलाही त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. गाडी चालत असेल आणि पुढचा दांडा खाली आला असेल, तर थांबू नका, हळूहळू दांड्याला ढकलत बाहेर पडा. गाडीने ढकललं की तो दबून बाजूला होतो, तशीच त्याची रचना असते. दांडा मोडेल, नुकसान होईल, ही भीती त्या क्षणी मनात आणायची नाही.

साचलेलं पाणी: हा विषयच वेगळा

शेवटी एक इशारा. वर सांगितलेले सगळे उपाय पावसाच्या फवाऱ्यासाठी आहेत, साचलेल्या पाण्यासाठी नाहीत. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तो दिवस आपल्यापैकी अनेकांनी पाहिलाय. जपानातही वादळी पावसात रेल्वेखालचे अंडरपास बघता बघता भरतात आणि माणसं गाडीत अडकतात.

स्पोर्ट्स कारची हवा ओढायची नळी बहुधा खालीच असते. तिने पाणी ओढलं की ते सिलिंडरमध्ये जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपतं. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नका. उतरा, उंच जागी जा, टोचन करून गॅरेजला न्या. आणि खोली माहीत नसलेल्या पाण्यात मुळात गाडी घालूच नका. तिथे वायर नवी असली काय आणि जुनी असली काय!

शेवटी...

मी वायरी बदलल्या, प्लग बदलले, खालचं आवरण एका भंगारवाल्याकडून मिळवून बसवलं. खर्च फार आला नाही. आमच्या दोघांच्या कामाकुराच्या जेवणाच्या दुप्पट-तिप्पट, इतकाच. काम एका शनिवारी दुपारी झालं. त्यानंतर एक अख्खा पावसाळा आणि दोन वादळं गेली, गाडीने एकदाही मान टाकली नाही.

बाबांना फोनवर कौतुकाने सांगितलं, तर पलीकडून आवाज आला, "छान. पण तो रुमाल गाडीत ठेवलायस ना?"

ठेवलाय. डाव्या सीटसमोरच्या कप्प्यात, मशालीच्या वरच. मंडळी, तुम्हीही एक ठेवा. आणि पुढचा पाऊस यायच्या आधी, एखाद्या कोरड्या रविवारी, एकदा बॉनेट उघडून बघा.